उपडा कप

मटार आले. आमच्या जबलपुरात थंडी आली हे स्वेटरवरून कळत नाही, मटारवरून कळतं. जवळच्या पाटनकडून भरलेल्या गाड्या यायला लागल्या की ओमतीच्या रस्त्यावरच्या हातगाड्या हिरव्यागार होतात आणि ऑफिसातून घरी निघालेला जो तो पाच किलोची पिशवी सायकलला नाहीतर स्कूटरला अडकवून चाललेला दिसतो. इथे पाव किलो मटार मागायची माणसाला लाज वाटते. घ्यायचे तर पिशवीभर, सोलायचे घरभर मिळून, आणि वर्षभराचे दाणे फ्रीजमध्ये भरून ठेवायचे. दोन महिने आमच्या गल्लीत प्रत्येक दारासमोर सालींचा ढीग असतो आणि गाईंची चैन असते.

परवा मीही पिशवी आणली. महाराजपूरच्या आमच्या घरात वर आम्ही राहतो, खाली आई-बाबा. रविवारी सकाळी बाबांनी अंगणात उन्हाच्या तुकड्यात चटई टाकली आणि सोलायला बसले. बाबांची सोलायची एक रीत आहे. शेंग लगेच उघडायची नाही. आधी अंगठा आणि बोट तिच्यावरून फिरवायचं, मग आकडा सांगायचा, मग उघडायची. "सात," म्हणाले आणि सातच निघाले. मी सुरीने भाजी चिरावी तशी भराभर शेंगा फोडत होते. माझ्या परातीत ढीग झाला होता, त्यांच्या वाटीचा तळ अजून दिसत होता. पूर्वी मी म्हटलं असतं, बाबा, हात चालवा. आता नाही म्हणत. मटारचा वास आला की मला दोन वर्षांपूर्वीची ती सहल आठवते आणि माझाच हात मंद होतो.

सहलही मटारच्याच दिवसांत झाली होती. तन्वी, माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी थीम पार्क पाहिलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांनी पाहिल्याच्या थापा मारल्या होत्या. आपण कुठल्याच अर्ध्यात नाही याचं तिला भारी दुःख होतं. नवऱ्याची रजा मंजूर होईना. मग मी म्हटलं, आई-बाबांना घेऊन जाते. त्यांनी आयुष्यात नागपूर, अमरावती आणि लग्नकार्यं यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. तीन पिढ्या एकत्र, एका मोठ्या शहराबाहेरचं भलंमोठं पार्क, त्याच्याच शेजारचं हॉटेल, तीन दिवस. मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. आई-वडिलांना फिरवणारी मुलगी, म्हटलं, अशी शोधून सापडायची नाही.

मी रेल्वेत आहे, कंट्रोल ऑफिसात. गाडी चालवत नाही, पण कुठली गाडी पुढे काढायची आणि कुठली थांबवायची हे आम्ही ठरवतो. हे काम अंगात मुरतं. घरातही माझी नजर सतत घड्याळावर असते आणि कोण कुणाच्या वाटेत येतंय ते आधी दिसतं. पार्कचं तिकीट काढल्यावर मी आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. सकाळचे पहिले दोन तास म्हणजे सोनं. गेट उघडायच्या पाऊण तास आधी पोहोचा, उघडताच सरळ सगळ्यात मागच्या मोठ्या पाळण्याकडे सुटा, तिथून उलटे पुढे या. गर्दी पुढून मागे येते, तुम्ही मागून पुढे. हे तर माझ्याच धंद्यातलं ज्ञान होतं. मी तिन्ही सकाळींचं टाइमटेबल केलं. उठणं साडेचार, आंघोळी साडेपाचपर्यंत, सव्वासहाला खोलीबाहेर. त्याची प्रत काढून बाबांना दिली.

बाबांना ते फार आवडलं. बाबा छत्तीस वर्षं फॅक्टरीत होते. आमचं लहानपण भोंग्यावर चाललं. भोंगा झाला की दूध तापायचं, भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचो. आणि बाबा सायकल घेऊन भोंग्याच्या आधी गेटात असायचे. कागद चष्म्याजवळ नेऊन त्यांनी पूर्ण वाचला आणि आईला म्हणाले, "पोरगी माझ्यावर गेली." आई पिशवीत मटारच्या करंज्या भरत होती. ती म्हणाली, "फिरायला चाललो ना आपण? का ड्यूटीवर?" आम्ही दोघंही हसलो. आईला या गोष्टी कळत नाहीत असा आमचा दोघांचा जुना समज आहे.

पहिल्या सकाळी आम्ही ठरल्या मिनिटाला गेटावर होतो. धुकं होतं, दिवे अजून जळत होते, आणि तन्वी थंडीने आणि आनंदाने उड्या मारत होती. बाबांनी स्वेटरच्या खिशातून शेंगा काढल्या. घरून आणल्या होत्या. "सांग किती?" तन्वीने शेंग दाबली. "पाँच! नहीं, छह!" आजूबाजूची माणसं पाहत होती, आणि मला त्या शेंगांची थोडी लाज वाटली हेही आत्ताच सांगून टाकते. तेवढ्यात तन्वीला गेटातून पार्कभर फिरणारी छोटी झुकझुक गाडी दिसली. "आबा, पहले वो! तुम्ही आणि मी!" मी म्हटलं, "रेल्वेवाल्याची पोर एवढ्या लांब येऊन आगगाडीत बसणार? तिला रांग नसते. ती शेवटच्या दिवशी." बाबांनी लगेच मान हलवली. टाइमटेबल म्हणजे टाइमटेबल.

मोठ्या पाळण्याच्या रांगेत आमच्यापुढे फार लोक नव्हते. अर्ध्या तासात नंबर आला असता. वळणावळणाच्या त्या लोखंडी कठड्यांमध्ये आम्ही शेवटच्या वळणावर पोहोचलो आणि बाबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, जाऊन यावं लागते." त्यांचं वय बाहत्तर. सकाळचे दोन कप चहा पोटात आणि बाहेर थंडी. यात न समजण्यासारखं काय होतं? पण मी घड्याळ पाहिलं. रांगेतून बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नव्हते. बाबांना एकट्याला परत वाट सापडली नसती, आई गुडघ्यामुळे बाहेर बाकावर बसलेली. मग आम्ही तिघंही उलटे निघालो, लोकांना "जरा जाऊ द्या भैया" करत. बाबा आले तोवर रांगेला दीड तास लागेल अशी पाटी लागली होती. तन्वी रडायला लागली. आणि मी, चार माणसांत, म्हणाले, "बाबा, खोलीतूनच जाऊन यायला काय होतं? तुमच्यामुळे तिचा नंबर गेला."

 "अच्छा," एवढंच बाबा म्हणाले. हात धुतलेले होते, ते त्यांनी रुमालाने पुन्हा पुसले.

दुसऱ्या सकाळी माझा गजर व्हायच्या आधी बाबा तयार होते. आंघोळ झालेली, भांग पाडलेला, पलंगाच्या काठावर बूट घालून बसलेले. माझ्याकडे पाहून घड्याळावर बोट ठेवलं आणि हसले. मी म्हटलं, "वा बाबा, आज एकदम राइट टाइम!" त्यांचा चेहरा काय फुलला होता. तो चेहरा मला अजून आठवतो, कारण मी त्यांना शाबासकी दिली होती. कशाबद्दल दिली ते मला माहीत नव्हतं.

खोलीत किटली होती, चार कप होते. आई पावडरच्या दुधाचा चहा करायची आणि त्याला नावं ठेवत प्यायची. बाबांचा कप बशीत उपडा ठेवलेला मी पाहिला. मला वाटलं, पिऊन, धुऊन, ठेवून मोकळेही झाले. अशी शिस्त हवी, असंही मनात आलं.

खरं तर तो उपडा कप मला ओळखता यायला हवा होता. लहानपणी तो मी शेकडो सकाळी पाहिला आहे. बाबांची पहिली पाळी असली की स्वयंपाकघरात ओट्यावर त्यांचा कप असाच उपडा असायचा. त्यांच्या सेक्शनमध्ये बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडता येत नसे. मध्येच जायची वेळ येऊ नये म्हणून पहिल्या पाळीची माणसं घरून चहा-पाणी न घेताच निघायची. उपडा कप म्हणजे आज मला देऊ नका. आई समजायची आणि कपाला हात लावायची नाही. दुपारी बाबा घरी आले की तोच कप सुलटा व्हायचा, आणि दोनदा भरायचा. हे सगळं मला पाठ होतं, आणि वेळेवर आठवलं नाही. गाड्यांचे नंबर बरे लक्षात राहतात.

त्या दिवशी आमचे पाच मोठे पाळणे झाले. दुपारी जेवताना बाबांनी ताक घेतलं, नंतर पुन्हा काही नाही. "आबा, पानी?" असं तन्वीने विचारलेलं मला आठवतं. बाबांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसली. आजा-नातीचं काही गुपित असेल म्हणून मला बरं वाटलं. तेव्हा मी फोटोही काढला. अजून फोनमध्ये आहे. बाबांचे ओठ त्यात कोरडे, पांढरे दिसतात. फोटो काढताना ते दिसले नव्हते.

तिसऱ्या दिवशी चालताना बाबा मागे पडायला लागले. गेट उघडलं, माणसं धावत सुटली, तन्वी माझा हात ओढत होती. पाण्यातून खाली येणाऱ्या मोठ्या होड्या तेवढ्या राहिल्या होत्या. आई त्या दिवशी खोलीतच थांबली होती. ती म्हणाली होती, "काहून एवढी पळवून राहिली त्यांना?" मी म्हटलं होतं, आज शेवटचा दिवस आहे. बाबा एका बाकाशी थांबले आणि म्हणाले, "चलो, तुम्ही व्हा पुढे. मी बसतो इथं." मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि माझ्या मनात काय आलं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. मनात आलं, बरं झालं. आमच्या कंट्रोलमध्ये रोज असंच करतात. मागून एक्स्प्रेस येत असली की पुढच्या मालगाडीला बाजूच्या लूप लाइनवर उभं करायचं, एक्स्प्रेस काढून द्यायची. मालगाडी तक्रार करत नाही. मी तन्वीचं जॅकेट आणि पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. "इथेच थांबा हं बाबा, कुठे जाऊ नका." आणि मी गेले.

आम्ही होडीत दोनदा बसलो. गर्दी नव्हती म्हणून दुसऱ्यांदा. परत यायला दोन तास झाले.

बाकावरची सावली केव्हाच सरकली होती. ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं आणि बाबा तिथेच, तसेच, जॅकेट मांडीवर घेऊन बसले होते. चार पावलांवर झाडाखाली दुसरा बाक रिकामा होता. "अहो बाबा, तिकडे बसायचं ना!" मी म्हटलं. ते म्हणाले, "तू इथंच थांबा म्हणाली ना. तिकडं बसलो असतो तर तू शोधत राहिली असती." त्यांच्या हातात बाटली होती, काठोकाठ भरलेली. "निदान पाणी तरी प्यायचं!" मी जवळजवळ ओरडलेच. "तन्वीची आहे," बाबा म्हणाले. उठताना त्यांचा तोल गेला, मी धरलं. त्यांचा हात तापल्यासारखा लागत होता. ऊन लागलं असेल असं आम्ही सगळ्यांनीच ठरवलं, खोलीवर गेलो, आणि झुकझुक गाडी राहून गेली. रांग नसलेली ती एकच गोष्ट आमच्याकडून राहिली. रात्रीच्या गाडीने आम्ही परत निघालो. सहल फार छान झाली असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि दीड महिना मला ते खरंही वाटत होतं.

मग तन्वीच्या शाळेच्या बाटलीने मला जागं केलं. ती रोज भरलेली परत येत होती. आधी वाटलं, थंडी आहे, प्यायली नसेल. मटार संपत आले, दुपारी ऊन तापू लागलं, तरी बाटली भरलेलीच. सकाळचं दूधही ती अर्धं टाकायला लागली. एका संध्याकाळी, खाली आई-बाबांकडे शेवटचे जून मटार सोलत बसलो असताना मी तिला दरडावून विचारलं. बाबा तेवढ्यात फिरायला गेले होते. तन्वी शेंगेकडे पाहत म्हणाली, "बस में बीच में रुकते नहीं ना मम्मी. मग सगळ्यांना लेट होतं."

"असं कोणी सांगितलं तुला?"

"आबांनी. सीक्रेट है. पहली पाली में चाय-पानी नहीं पीते. आबा दो दिन पूरे नहीं पिये, इसलिए तो हमारा नंबर लगा."

मी आईकडे पाहिलं. आईने मान वर केली नाही. सोलता सोलताच म्हणाली, "कप तर उपडाच होता. तुला दिसला नाही?"

"तू का नाही सांगितलंस मला?"

"मी म्हटलं त्यांना, घ्या अर्धा कप. ते म्हणाले, पोरीचं टाइमटेबल आहे, माझ्यानं बिघडायला नको." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तू ऐकून घेण्यासारखी होती का तेव्हा?"

मी ऐकून घेण्यासारखी नव्हते.  परातीत दाणे होते, जून, पिवळसर. मी ते निवडत बसले.

तन्वीची समजूत घालणं सोपं गेलं. बसवाल्या दीदीशी बोलले, शाळेत बोलले, पाणी न प्यायल्याने काय होतं ते चित्र काढून दाखवलं. पंधरा दिवसांत बाटली रिकामी यायला लागली. बाबांशी बोलणं जमलं नाही. आमच्या घरात बापाची माफी मागायची रीत नाही. वाक्य कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. मी त्यांना नवीन स्वेटर आणला. डॉक्टरांकडे नेऊन सगळ्या तपासण्या केल्या, त्या चांगल्या निघाल्या, तर मला हायसं वाटण्याऐवजी दोषातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली. आणि त्या सहलीनंतर बाबांना एक सवय लागली आहे. चहा पुढे केला की कप हातात घेतात, पण ओठाला लावायच्या आधी विचारतात, "आज कुठं जायचं तर नाही ना?" आई म्हणते, म्हातारपणाचं आहे. 

यंदा तन्वी नऊची झाली. पार्कचं नाव ती काढत नाही. मध्यंतरी मीच विचारलं, जायचं का पुन्हा, त्या झुकझुक गाडीत बसायला? ती उत्तर द्यायच्या आत बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घरी थांबतो, मटार सोलून ठेवतो." इतक्या सहज म्हणाले. आता त्यांना लूपमध्ये घालावं लागत नाही, ते आपले आपण जाऊन उभे राहतात. हे मीच त्यांना शिकवलं.

म्हणून मी पार्क सोडून दिलं आणि काल, जोडून आलेल्या सोमवारच्या सुट्टीत, आई, बाबा आणि तन्वीला गाडीत घालून पाटनला निघाले. आणखी मटार सरळ शेतावरून घेऊ म्हटलं. तास-सव्वा तासाचा रस्ता. टाइमटेबल केलं नाही, निघायची वेळही सांगितली नाही. सकाळी बाबांना चहा दिला. "कुठं जायचं तर नाही ना?" त्यांनी विचारलं. खोटं बोलणं जमलं असतं, पण मी म्हटलं, "जायचं आहे बाबा. पाटनला. तुम्ही प्या, घाई नाही." बाबा हसले. "कंट्रोलवाले असं कधीपासून बोलायला लागले?" असं म्हणाले आणि कप तसाच खाली ठेवला. मी आत जाऊन आले तोवर तो धुऊन बशीत उपडा झाला होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मटारची शेतं होती, बायका वाकून शेंगा तोडत होत्या. मागच्या सीटवर बाबा आणि तन्वी. अर्ध्या वाटेवर एक टपरी दिसली, बाजूला पक्कं बांधलेलं बाथरूम. मी गाडी बाजूला घेतली.

"काहून थांबली?" बाबांनी विचारलं.

"मला जाऊन यायचं आहे," मी म्हटलं. मला जायचं नव्हतं.

तन्वी आरशातून माझ्याकडे पाहत होती. पोर नऊ वर्षांची, पण तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "मुझे भी जाना है." मग आई म्हणाली, "चला, मीही उतरते."

 शेवटी बाबा दार उघडत म्हणाले, "अच्छा, थांबलोच आहोत तर मीपण जाऊन येतो."

दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत एवढंच बोलायचं होतं. मला जाऊन यायचं आहे. एवढ्याने काम झालं असतं, कुणाची मान खाली गेली नसती, नंबर गेला तर सगळ्यांचा मिळून गेला असता. मी टपरीच्या मागे भिंतीशी उभी राहून ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

परत आले तर बाबा बाकावर बसले होते. टपरीवाल्याने काचेचे चार ग्लास भरून ठेवले होते, वाफ निघत होती. बाबांनी आपला ग्लास उचलला आणि ओठापाशी नेऊन थांबले. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. तन्वीला विचारलं, "पुढं थांबेल का गं तुझी मम्मी?"

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला तिला जरा वेळ लागला.